नर्सिंग होम की टीचिंग हॉस्पिटल?

आमची थोरली पेठेतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये झाली, धाकटा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. आता भाचीला सातवा लागलाय आणि घरात पुन्हा तोच विषय निघालाय: नाव कुठे नोंदवायचं?

नर्सिंग होमचं सुख खरंच आहे. पहिल्या तपासणीपासून एकच डॉक्टर, हाकेसरशी येणारी मावशी, स्वतंत्र खोली. टीचिंग हॉस्पिटलात यातलं बरंचसं विसरायचं. केसपेपरची रांग, आपल्या युनिटचा, म्हणजे आपल्याला नेमून दिलेल्या डॉक्टरांच्या गटाचा, वार सांभाळणं, आणि तीच हकीकत आधी इंटर्नला, मग रेसिडेंटला, मग राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना सांगणं. बायको अगदी वैतागली होती. पण तिसऱ्यांदा तेच विचारायला आलेल्या एका रेसिडेंट मुलीनेच तिच्या पायावर अंगठा दाबून पाहिला, खळगा तसाच राहिला, म्हणजे सूज होती, आणि तिने बीपी पुन्हा घेतलं. वाढलेलं निघालं.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. पुण्यातल्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण मोफत आहे, सिझेरियन झालं तरी. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, आईचं जेवण, सगळं त्यात येतं. खासगी मेडिकल कॉलेजांचं गणित वेगळं. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

माझा निर्णय मात्र पैशांवर झाला नाही. थोरली ३४व्या आठवड्यात आली. रडली, पण श्वास घेताना कण्हत होती, बरगड्यांखाली खड्डे पडत होते. त्या नर्सिंग होममध्ये एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, नव्हता. तासाभरात तिला नदीपलीकडच्या रुग्णालयात हलवलं. बायको टाक्यांसकट इकडे, मूल तिकडे. पहिले दोन दिवस जेमतेम चमचाभर चीक निघायचा. तो झाकणाच्या छोट्या वाटीत घेऊन मी दर तीन तासांनी निघायचो. रात्री दोन वाजता म्हात्रे पुलावर गाडी थांबवून, सांडला तर नाही ना, हे दिव्याखाली पाहिलेलं अजून आठवतं. तिने लेकीला पहिल्यांदा हात लावला तो चौथ्या दिवशी. तोवर माझ्या मोबाइलमधला फोटोच उशाशी.

धाकटाही लवकरच आला, वजन २ किलो १००. पण एनआयसीयू त्याच इमारतीत, एक मजला वर. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला धरत धरत वर गेली. सिस्टरनी बाळाला टोपी घालून तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून साडीचा पदर गुंडाळला. कांगारू केअर म्हणतात ते हेच. मी बाहेर बाकावर बसून होतो. मला कुठेही धावायचं नव्हतं.

प्रत्येकीचं वेगळं असतं. दिवस पूर्ण भरलेले असतील, बीपी-शुगर ठीक असेल, तर नर्सिंग होममध्येही छान निभावतं. फक्त तिथे एक गोष्ट तोंडावर विचारा: रात्री बाळाला हलवायची वेळ आली तर कुठे नेणार, आणि आईला सोबत जाता येईल का? जुळी असतील, आधीचं मूल कमी दिवसांचं असेल किंवा बीपी चढत असेल, तर माझ्या मते रांग सोसावी.

भाचीचं बीपी सहाव्यापासूनच वर आहे. सोमवारी तिला केसपेपर काढायला मीच घेऊन जातोय.