एक स्टार देणार होतो, मग रॅम बघितली

रिव्ह्यू खरं तर तीन आठवड्यांपूर्वीच टाईप करून ठेवलेला, "फालतू कार्ड, अजिबात घेऊ नका" वगैरे. बरं झालं टाकला नाही, कारण गाढवपणा माझाच निघाला.

झालं असं की जुनं ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड काढून हे ८ जीबीचं, दोन फॅनवालं बसवलं. बाकी सगळं तेच, सहा कोरचा रायझन, ८-८ च्या दोन रॅम, पीसीआयई ३ वाला बोर्ड (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता, ३ ही त्याची जुनी पिढी). गेम चालू केला तर एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ७०-७५ दाखवतोय पण माउस चिखलात फिरवल्यासारखा वाटतोय, आणि जरा गर्दीचा सीन आला की धाडकन २८. जुन्या कार्डावर ५५ च यायचे पण एकसारखे तरी यायचे ना! नवीन कार्ड घेऊन गेम आधीपेक्षा वाईट चालतोय म्हटल्यावर डोकंच फिरलं.

मग सगळ्यांनी सांगितलेलं सगळं केलं. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या टूलने जुना ड्रायव्हर साफ केला, नवीन टाकला, फरक शून्य. पॉवर प्लॅन बदलला. शेवटी विंडोजसुद्धा परत टाकली, अख्खा रविवार गेला आणि एफपीएस तिथेच.

खरी गोष्ट कळली ती एका साध्या टेस्टने, आणि ही सगळ्यात आधी करायला हवी होती. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून १४४० केलं आणि एफपीएस जवळजवळ तेवढेच राहिले. कार्ड दमलेलं असतं तर आकडा खाली यायलाच हवा होता. आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर कार्डाचा वापर ५५-६० टक्के, म्हणजे बिचारं हातावर हात धरून बसलंय आणि काम पुरवणारा दुसराच कोणीतरी मागे पडतोय. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्के दिसत होता त्यावर जाऊ नका हं, तो सगळ्या कोरचा मिळून आकडा असतो, एखादा कोर ठासून भरलेला असला तरी कळत नाही.

मग त्याच टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं. स्पीड २१३३. माझी रॅम ३२०० ची!

आता आठवा, कार्ड बसवलं त्या दिवशी काय केलं होतं. स्क्रीन काळी होती, घाबरून रॅम काढून परत लावली, बोर्डाचा सेल काढून बायॉस (बोर्डाची मूळ सेटिंग्ज) रिसेट केलं, आणि अर्ध्या तासाने कळलं की एचडीएमआय केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टात खोचलीय. केबल बदलली, स्क्रीन आली, मी खूश. पण रिसेटमध्ये एक्सएमपी बंद झालं (रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवणारी सेटिंग, काही बोर्डवर तिला डीओसीपी म्हणतात) आणि रॅमही घाईत शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये गेली होती, म्हणजे दोन असूनही सिंगल चॅनल, दोघींचा डेटा एकाच वाटेने. सीपीयू-झेड नावाच्या टूलमध्ये चॅनल दिसतो. तिथे फ्रीक्वेन्सी निम्मी दिसते, ३२०० ला १६००, ते बरोबरच असतं. हिशोब केला तर ड्युअल चॅनल ३२०० ला सेकंदाला साधारण ५१ जीबी मिळतात, मला मिळत होते १७. त्यात रायझनचं आतलं फॅब्रिकही (प्रोसेसरचे भाग जोडणारी लिंक) रॅमच्या क्लॉकवर चालतं, म्हणजे दोन्हीकडून मार.

प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये रॅम लावली, एक्सएमपी चालू केलं. तोच सीन, ११० च्या आसपास, आणि खाली आला तरी ८० च्या खाली नाही.

आता कार्डाबद्दल. थंड राहतं, तासभर खेळल्यावरही ७० डिग्रीच्या आत, आणि नुसतं ब्राउझिंग चालू असताना फॅन फिरतच नाहीत. एकच ८ पिनची केबल लागते. तक्रार एकच पण मोठी, कनेक्टर दिसायला पूर्ण १६ लेनचा (लेन म्हणजे पीसीआयईच्या रस्त्यातली डेटाची एक वाट), पण आत जोडलेल्या आठच. पीसीआयई ४ च्या बोर्डवर जाणवणार नाही, माझ्यासारख्या ३ वाल्यांना मात्र सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा रस्ता मिळतो. एरवी चालून जातं, पण टेक्स्चर अल्ट्रावर ठेवून कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की उरलेला डेटा त्याच रस्त्याने रॅममधून येतो आणि गेम उचक्या द्यायला लागतो. टेक्स्चर हाय वर आणलं की गप्प. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये बसल्या बसल्या पीसीआयईची पिढी १.१ दिसली तर घाबरू नका, लोड नसताना लिंक स्वतःच खाली येते, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून टेस्ट चालवा मग खरा आकडा दिसतो.

चार स्टार. एक कापला तो लेनसाठी, ही गोष्ट बॉक्सवर कुठेच लिहिलेली नाही. बॉक्समध्ये कार्ड वाकू नये म्हणून एक सपोर्टचा दांडा पण येतो, तो अजून लावलेला नाही, कॅबिनेट परत उघडायची हिंमत होत नाहीये.