संत पेत्राची कबर : व्हॅटिकनच्या भूमिगत दफनभूमीतील मार्गदर्शित भेट

रोमला जाणारे बहुतेक यात्रेकरू सेंट पीटर्स बॅसिलिकेचा घुमट आणि मुख्य वेदीवरील बर्निनीचे कांस्यछत्र पाहून परततात. परंतु त्याच वेदीच्या थेट खाली असलेली दफनभूमी व्हॅटिकनचे उत्खनन कार्यालय मार्गदर्शकासह दाखवते, आणि ज्यांना येशूचा शिष्य प्रेषित पेत्र (सेंट पीटर) याच्याविषयी आस्था आहे त्यांनी ही भेट चुकवू नये, असे माझे ठाम मत आहे. नोंदणी बरीच आधी करावी लागते. सुमारे बारा जणांचा गट साधारण दीड तास आत असतो, छायाचित्रे काढता येत नाहीत आणि 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.

सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात ही दफनभूमी मातीने भरून, टेकडीचा उतार कापून, नेमक्या याच जागी पहिली बॅसिलिका बांधली. सधन रोमन कुटुंबांच्या कबरी बुजवण्याइतका आग्रह कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर इसवी सन 160च्या सुमाराच्या एका लहानशा स्मारकात मिळते, कारण पेत्राला येथेच पुरले अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा तेव्हाही होती. शेजारच्या भिंतीवर भाविकांनी कोरलेल्या नावांची आणि चिन्हांची इतकी दाटी आहे की तेथून पाय निघत नाही. वाटेतल्या एका कबरीच्या छतावर सूर्यदेवाच्या रूपातील ख्रिस्ताचे मोझॅक आहे; तेही निवांत पाहावे.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो मार्गदर्शनातील प्रामाणिकपणा. कबर सापडली, पण अस्थी पेत्राच्याच आहेत हे निश्चितपणे सिद्ध करता येत नाही, असे पोप पायस बारावे यांनी 1950 मध्ये सांगितले होते. पुढे शिलालेखतज्ज्ञ मार्गेरिटा ग्वार्दुच्ची यांच्या संशोधनानंतर पोप पॉल सहावे यांनी 1968 मध्ये अस्थींची ओळख खात्रीलायक पटल्याचे जाहीर केले, तरी स्वतः उत्खनन केलेले अंतोनियो फेरुआ यांना ते पटले नाही. हा मतभेद मार्गदर्शकाने झाकला नाही, आणि त्यामुळे श्रद्धेला कोठेही धक्का लागल्यासारखे वाटले नाही.

वसईहून किंवा गोव्याहून जाणाऱ्यांनी बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सोळावा आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा, हे पेत्राविषयीचे अध्याय आधी वाचून जावे. वाटा अरुंद आणि हवा दमट असल्यामुळे बंद जागेत घाबरणाऱ्यांना किंवा चालण्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना ही भेट झेपणार नाही. त्यांना बॅसिलिकेच्या तळघरातील पोपांच्या समाधींच्या दालनातून कबरीच्या दर्शनी भागापुढे प्रार्थना करता येते.