बॅग सुटली तर काय उरतं? रोज जवळ बाळगायच्या वस्तू आणि कपडे, कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

'इमर्जन्सी किट' म्हणून जे काही विकलं जातं ते बहुतेक बॅगेत राहतं, आणि बॅग नेमकी त्या वेळी जवळ नसते. विमान तातडीने रिकामं करताना सामान सोडून उतरायला सांगतात. इमारतीत धूर झाला की माणूस जिन्याकडे धावतो, कपाट उघडायला जात नाही. म्हणून मी तयारीला सुरुवात केली ती खिशांपासून. गेले कित्येक महिने हे सगळं रोज अंगावर वागवते आहे. काय टिकलं, काय काढून टाकलं आणि का, ते लिहिते.

तयारी कशाची, ते आधी सांगते. वीज जाणं, लिफ्टमध्ये अडकणं, वाहनं बंद पडून लांबवर चालत यावं लागणं, रस्त्यात कुणाला तरी लागणं, इमारत घाईने सोडावी लागणं. जंगलात आठवडाभर तग धरणं हा वेगळा छंद आहे. वाईट एवढंच की बाजारातल्या बऱ्याच याद्या त्या छंदी लोकांनीच केलेल्या असतात.

बायकांच्या पँटचे खिसे म्हणजे बहुतेकदा नुसता देखावा. फोन अर्धा बाहेर डोकावतो आणि बसलं की जमिनीवर पडतो. त्यामुळे कुठलीही वस्तू घेण्याआधी मी कपडे बदलले, आणि या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी खर्च तोच ठरला. नायलॉन आणि सुताच्या मिश्र कापडाची, किंचित ताणली जाणारी सरळ पँट, पंजा पूर्ण आत जाईल एवढे खोल पुढचे खिसे आणि मांडीवर शिवणीतच दडलेला चेनचा एक खिसा. बाहेर फुगणारे कार्गो खिसे मुद्दाम टाळले. त्यांतल्या वस्तू चालताना मांडीवर आपटत राहतात आणि चार दिवसांत वैतागून आपण त्या घरी काढून ठेवतो. घेताना ट्रायल रूममध्ये खिशात फोन आणि किल्ल्या घालून उकिडवं बसून बघावं, मग एकदम दोन पायऱ्या चढायच्या असल्यासारखा गुडघा उचलून बघावा. मांडीत आवळली तर ती पँट कितीही छान दिसो, या कामाची नाही.

कापडाबद्दल लोक फार ठाम बोलतात, पण परिस्थिती बदलली की उत्तर बदलतं. सुती कपडा भिजला की पाणी धरून बसतो. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे कडाक्याची थंडी नसली तरी ओल्या सुती कपड्यांनिशी वाऱ्यात उभं राहिलं की हुडहुडी भरते. तोच दुर्गुण रणरणत्या उन्हात गुण होतो, कारण ओलं सुती कापड हळूहळू वाळताना अंगाला गारवा देत राहतं. पॉलिस्टर झटपट वाळतं, पण ज्वाळेजवळ वितळून कातडीला चिकटतं. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब राखते आणि सहजी पेट घेत नाही. थंड आणि ओल्या दिवसांसाठी मी मेरिनो लोकरीचे पातळ टी-शर्ट घेतले. त्यांना घामाचा वास धरत नाही हे अगदी खरं निघालं. एकच टी-शर्ट सलग दोन-तीन दिवस घालावा लागला तरी लाज वाटत नाही, आणि घरापासून दूर अडकून पडल्यावर ही लहान गोष्ट राहत नाही. तक्रार टिकाऊपणाची. सॅकचे पट्टे खांद्यावर जिथे घासतात तिथे कापड विरलं आणि एकाला बारीक भोकं पडली. कडक उन्हात मी सरळ सैल सुती शर्टच घालते.

बुटांवर जरा रेंगाळते, कारण इथे चूक झाली तर बाकी सगळं हुशारीने निवडलेलं सामान जागच्या जागी राहतं. निकष एकच ठेवला: हे घालून, आत्ता, न थांबता आठ-दहा किलोमीटर चालता येईल का? शिवाय काच आणि खिळ्यांवरून जाता येईल असा तळवा, ओल्या फरशीवर पकड आणि पावलाला धरून ठेवणारी नाडी. नाडीशिवायचे, नुसते पाय सरकवायचे बूट सोयीचे खरे, पण गर्दीत मागच्याचा पाय टाचेवर पडला की निघून येतात. कामाच्या ठिकाणी वेगळे बूट घालावेच लागत असतील तर चालायचे बूट टेबलाखाली ठेवावेत, आणि अधूनमधून ते वापरावेतही. पॉलियुरेथेनचा तळवा वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. वरून बूट नवा दिसतो, पण चालायला लागल्यावर काही पावलांतच तळव्याचे तुकडे पडतात. 'अडीअडचणीला असू दे' म्हणून खोक्यात जपलेली महागडी जोडी अशा वेळी हमखास दगा देते. रात्री पलंगाशेजारी बूट ठेवायचा सल्ला भूकंपाच्या भागात देतात तो अंधारात फुटलेल्या काचांमुळे. वीज जाण्याच्या भानगडीतही तो तितकाच चालतो.

मोजे लोकर-नायलॉनचे. फोड आले नाहीत, आणखी काय सांगणार.

रंगाबद्दल एक समजूत बऱ्याच जणांची असते की भडक फ्लुओरेसंट जॅकेट रात्री दिसतं. तो रंग दिवसाउजेडी चमकतो, कारण तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर उजळतो. हेडलाइटच्या उजेडात त्याचा फारसा फायदा नाही. रात्री लागते ती आलेला उजेड थेट चालकाकडे परत फेकणारी रिफ्लेक्टिव्ह पट्टी. ती पायांवर असली तर हालचालीमुळे पटकन लक्षात येते. मी घोट्याशी गुंडाळायची पट्टी घेतली. वजन नगण्य, घडी करून खिशात राहते. रेनकोटबाबत मात्र मी अजून समाधानी नाही. 'श्वास घेणारं' म्हणून मिळणारं कापड वरचा जलरोधक लेप झिजला की ओलं होऊन अंगाला चिकटतं, मग पाऊस आत आला की घाम, ते कळत नाही. धुऊन ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर वाळवलं की लेप काही प्रमाणात जागा होतो. तरीही साधा पाँचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट, सॅकसकट अंग झाकतो, आणि मी शेवटी त्याच्याकडेच वळले.

आता खिशातल्या वस्तू. प्रत्येकीला दोन प्रश्न विचारले. ती रोज कशासाठी तरी लागते का? लागत नसेल, तर ऐनवेळी तिचं काम दुसऱ्या कशाने भागतं का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' आलं की ती बाहेर.

या चाळणीतून मल्टीटूल गळालं. पक्कड, करवत, तीन प्रकारचे पाने, आणि रोज लागली ती फक्त कात्री. वर विमानतळावर जप्त व्हायची धाकधूक, आणि चाकू जवळ बाळगण्याचे कायदे जागोजागी वेगळे. आता लहान बोथट टोकाची कात्री आहे, कुणाला त्याचं काही वाटत नाही. लायटर गेला. मनगटावरची दोरीची विणलेली पट्टीही गेली. ती उसवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बुटाची नाडी काढून काम होतं. चंदेरी फॉइलचं ब्लँकेट मात्र बॅगेत ठेवलं आहे, खिशात नाही. ते अंगातून बाहेर पडणारी उष्णता परतवतं, पण थंड जमीन खालून जी ऊब ओढून घेते तिच्यापुढे त्याचा काही इलाज नाही. वर त्याचा आवाज इतका की शेजारचा झोपायचा नाही.

टॉर्च टिकला, कारण तो रोज लागतो. अंगठ्याएवढा, एका ट्रिपल-ए सेलवर चालणारा. खोक्यावर कमाल ल्युमेनचा (उजेड मोजायच्या एककाचा) आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, पण बघायची ती सर्वांत मंद पायरी. चार-पाच ल्युमेनमध्ये जिना उतरता येतो, कागद वाचता येतो आणि एक सेल कित्येक तास पुरतो. फोनचा टॉर्च असताना वेगळा कशाला, असं अनेक जण विचारतात. फोन हा त्या वेळी निरोपासाठी राखून ठेवायचा असतो, उजेडासाठी खर्चायचा नसतो. सेल लिथियमचा घाला. अल्कलाइन सेल पडून राहिले की गळतात आणि आतले संपर्कबिंदू खाऊन टाकतात.

पॉवर बँकेच्या आकड्यांत गंमत आहे. १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. बाहेर ५ व्होल्टने देताना प्रत्यक्षात ६,००० ते ६,५०० हातात पडतात, म्हणजे मोठ्या बॅटरीचा फोन सव्वा ते दीड वेळा भरतो. मला ५,००० ची पुरते, आणि ती हलकी आहे म्हणूनच रोज खिशात जाते. विमानात ती केबिन बॅगेतच न्यायची असते. १०० वॉट-तासांपर्यंत (हे साठवलेल्या ऊर्जेचं माप) सहसा अडवत नाहीत, आणि १०,००० वालीसुद्धा फक्त ३७ वॉट-तासांची असते. आखूड केबल तिला रबराने बांधून ठेवली आहे. ती नसेल तर पॉवर बँक म्हणजे नुसता दगड.

शिट्टीचं उलट. ती मला एकदाही लागलेली नाही, आणि तरी किल्ल्यांच्या जुडग्यावरून हलणार नाही. ओरडून घसा काही मिनिटांत बसतो, शिट्टी मात्र श्वास चालू असेपर्यंत वाजते. तीन लांब फुंकरी म्हणजे मदतीची हाक, हे बहुतेक ठिकाणी ओळखलं जातं. आत गोळी नसलेली घ्यावी, ती भिजली तरी वाजते. सॅकच्या छातीपट्ट्याला जी चिमुकली शिट्टी जोडून देतात ती मी वाजवून पाहिली. शेजारच्या खोलीतून कुणी विचारायलासुद्धा आलं नाही.

सगळ्यात जास्त विचार केला तो टूर्निकेटवर. हाता-पायाच्या जखमेतून रक्त उसळत असेल, दाबूनही थांबत नसेल, तेव्हा आवळायचा हा पट्टा. इथे जुगाड चालत नाही. कमरेचा पट्टा पुरेसा घट्ट बसत नाही, आणि पिळायला दांडी लागते ती ऐनवेळी हाताशी सापडत नाही. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, ५ ते ७ सेंटीमीटरवर, सांधा टाळून बांधायचा, रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, बांधल्याची वेळ लिहायची आणि डॉक्टरांच्या हाती जाईपर्यंत सैल करायचा नाही. दुखतो, आणि दुखणारच. ऑनलाइन याच्या नकला भरपूर मिळतात, त्यांची दांडी जोर दिला की वाकते किंवा तुटते. त्यामुळे स्वस्तातला घेण्यापेक्षा न घेतलेला बरा. आणि शिकल्याशिवाय तर अजिबात घेऊ नका. अमेरिकेत २०१५ साली सुरू झालेल्या 'स्टॉप द ब्लीड' मोहिमेचा सगळा भर सामान्य माणसाला हे शिकवण्यावरच आहे. सरावासाठी वेगळा पट्टा ठेवावा, कारण वारंवार पिळून सैल झालेला पट्टा खऱ्या जखमेसाठी जपायचा नसतो.

याच वर्गात नेहमीच्या गोळ्यांचे दोन दिवसांचे डोस येतात, आणि नंबरचा चष्मा असलेल्यांसाठी जुना चष्मा. जुन्या नंबरचा असला तरी चालेल. गोळ्या उन्हात उभ्या गाडीत कधी ठेवू नयेत. कागदाचा एक तुकडाही: चार फोन नंबर, गोळ्यांची मूळ नावं आणि मात्रा, ॲलर्जी. कुणाचाही नंबर पाठ नसण्याच्या दिवसांत फोन बंद पडला की माणूस अनाथ होतो. लिहायचं पेन्सिलीने, शाई पाण्यात पसरते. हीच माहिती फोनच्या लॉक स्क्रीनवरून पासवर्डविना दिसेल अशी भरून ठेवता येते, बहुतेक फोनमध्ये ती सोय असते. सुट्ट्या नोटा कागदासोबतच ठेवल्या आहेत. नेटवर्क कोलमडलं की कार्ड चालत नाही, आणि मोठ्या नोटेचे सुटे कुणी देत नाही. कॉल लागत नसेल तेव्हा एसएमएस करून बघावा, त्याला फार थोडी जागा पुरते.

एन९५ मास्कचा एक गैरसमज दूर करायला हवा. तो धुळीचे आणि धुराचे कण अडवतो, पण आगीतला कार्बन मोनॉक्साइड वायू त्यातून सरळ आत येतो. मास्क लावला म्हणून धुरात थांबायचं नाही, खाली वाकून बाहेर पडायचं. त्याचं इलॅस्टिक पडून पडून सैल होतं, तेही तपासावं लागतं.

पाण्याची बाटली बॅगेतच आहे. लिटरभर पाण्याचं वजन एक किलो, ते खिशात कोण घालणार. फक्त बाटली एकपदरी स्टीलची घेतली, म्हणजे झाकण काढून विस्तवावर पाणी उकळता येतं. दुहेरी भिंतीची, गरम ठेवणारी बाटली विस्तवावर ठेवली तर फुटू शकते.

उरलेला प्रश्न उन्हाळी कपड्यांचा. पातळ कपड्यांत एवढ्या वस्तू खिशांत ठेवल्या तर ते लोंबकळतात, म्हणून त्या दिवसांत चपटा कंबरपाऊच वापरून पाहिला. शर्टाखाली तो दिसत नाही, पण घाम साचतो आणि बसलं की टूर्निकेटची कड पोटात रुतते. सध्या टूर्निकेट आणि गोळ्या पाऊचमध्ये, टॉर्च-शिट्टी किल्ल्यांना आणि कागद फोनच्या कव्हरमागे अशी वाटणी आहे. पाऊच मात्र टेबलाशी बसले की काढावासा वाटतो, आणि एकदा काढला की तोही बॅगेच्याच जातीचा. पातळ कापडाची पण चेनच्या खिशाची पँट कुणाला सापडली असेल तर सांगा.