पटकथेची कॉपीराइट नोंदणी: पैसे मागायला निघण्याआधी करायचं काम

हातात पटकथा तयार आहे आणि आता पैसे लावणारा कुणी शोधायचाय, अशा टप्प्यावर असाल तर आधी भारत सरकारच्या कॉपीराइट कार्यालयाच्या पोर्टलवर ती नोंदवून घ्या. मी ही सेवा पहिल्या सिनेमाच्या पटकथेसाठी वापरली आणि नंतर दुसऱ्या अख्ख्या सिनेमासाठी. स्वतंत्रपणे सिनेमा करणाऱ्या प्रत्येकाला मी ती आग्रहाने सुचवते.

काम घरबसल्या होतं. खातं उघडायचं, फॉर्म भरायचा, पटकथेची पीडीएफ जोडायची, फी भरायची. पटकथा साहित्यकृतीत मोडते, तिची फी ५०० रुपये. पैसे भरले की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो. मग कुणाची हरकत येते का यासाठी नियमाने ३० दिवस थांबावं लागतं, त्यानंतर तपासणी आणि मग प्रमाणपत्र. एकूण काही महिने धरून चला. तसं पाहिलं तर नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचाच असतो. पण तो वेळेला दाखवता यायला हवा.

फॉर्मसोबतच्या तपशीलपत्रात एक प्रश्न आहे: ही कृती मूळ आहे, भाषांतर आहे की रूपांतर? तिथे मी बराच वेळ अडून बसले. माझ्या पटकथेच्या सुरुवातीला एक बाई पहाटे जात्यावर बसून ओवी म्हणते. ती ओवी मी आजीच्या तोंडून ऐकलेली, आजीने तिच्या आईकडून घेतलेली. ती माझी कशी म्हणू? माणसं माझी, प्रसंग माझे, संवाद माझे. ओवी मात्र दळणाऱ्या सगळ्या बायांची. शेवटी ‘मूळ’वर खूण केली आणि पटकथेच्या पहिल्या पानावर ओवी पारंपरिक असल्याचं स्पष्ट लिहिलं. यातलं तुझं किती आणि तुझ्याकडे चालत आलेलं किती, असं मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. त्या प्रश्नासाठी मी या फॉर्मची ऋणी आहे.

या कागदाची खरी गरज रफ कट, म्हणजे सिनेमाचं पहिलं कच्चं संकलन, झाल्यावर पडली. पैसे लावणाऱ्या गृहस्थांनी तो बघताना डोळे पुसले होते, आम्ही सगळे हवेत होतो. मग एक दिवस त्यांचा फोन आला. “मॅडम, कथा मूळची माझीच आहे, तुम्ही ती फक्त कागदावर उतरवलीत. टायटलमध्ये कथा म्हणून माझं नाव टाका.” फोन ठेवला तेव्हा एडिटवर तोच जात्याचा सीन चालू होता. आमच्या साउंडवाल्या पोराने गाव जागं व्हायच्या आत जाऊन टिपलेली ती घरघर कानात येत होती आणि माझ्याने स्टॉप दाबवेना.

प्रमाणपत्रावरची तारीख आमच्या पहिल्या भेटीच्या आधीची होती. कॉपीराइट कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, म्हणजे ती खोटी आहे हे समोरच्याने सिद्ध करायचं. आमच्या वकीलबाईंनी एवढंच त्यांना समजावून सांगितलं आणि मागणी मागे घेतली गेली. कथा-पटकथेला माझं नाव राहिलं. घरी येऊन मी मनसोक्त रडले आणि मग सगळ्या टीमला जेवायला बोलावलं.

सिनेमा मात्र माझा राहिला नाही. पटकथेच्या नोंदणीने तो राहणारही नव्हता, हे नीट समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता, म्हणून हक्काचा पहिला मालक, म्हणजे निर्माता; आमच्याकडे ते पैसे लावणारे गृहस्थ. दिग्दर्शक नाही. आणि हा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने लेखक, गीतकार, संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीत समान वाटा दिला, दिग्दर्शकाला त्यात काहीच मिळालं नाही. आमच्या सिनेमाची एका महोत्सवात निवड झाली, ते पत्र वाचून मी ओरडत गच्चीवर गेले होते. प्रिंट पाठवायला गृहस्थांनी नकार दिला. सिनेमा अजून त्यांच्या हार्डडिस्कमध्ये पडून आहे. मला याचा आजही संताप येतो. उन्हातान्हात फुकट राबलेल्या पोरांना काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

आणखी दोन मर्यादा. नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, तिच्या मांडणीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ सालीच हे सांगितलंय. म्हणून एकपानी गोष्ट नोंदवून निर्धास्त राहू नका, प्रसंग आणि संवादांसकट पूर्ण पटकथा नोंदवा. सिनेमाच्या नावालाही कॉपीराइट नसतो. मराठी सिनेमाचं नाव अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे वेगळं नोंदवावं लागतं. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना ऑनलाइन नोंदणी करता येते. कच्च्या मसुद्यांसाठी मी ती वापरते, पक्क्या पटकथेसाठी कॉपीराइट कार्यालय.

दुसरा सिनेमा आम्ही मैत्रिणींनी मिळून काढला, निर्मात्या आम्हीच. चित्रपटाची फी ५,००० रुपये आहे आणि पटकथेपेक्षा कागदपत्रंही जास्त लागतात. गीतकार, संगीतकार यांच्या ना हरकत पत्रांवर काम चालू असतानाच सह्या घ्या, नंतर माणसं पांगतात.

बाहेरचा पैसा घेणार असाल तर करार लेखीच करा आणि त्यात मुदत, प्रदेश, कशासाठी हक्क देताय ते सगळं मांडा. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मी फक्त चित्रपट करण्याचा हक्क दिला होता, त्यामुळे त्याच कथेची कादंबरी करायला मी मोकळी आहे आणि सध्या तीच लिहितेय. करारात एक कलम मात्र जरूर घालून घ्या: ठरलेल्या काळात निर्मात्याने सिनेमा कुठेही दाखवला नाही, तर तो महोत्सवांना पाठवायचा अधिकार दिग्दर्शकाचा.