मोठं स्टोअर नको: हरकत घ्यायची की कोर्टात जायचं?

चिपळूणसारख्या ठिकाणी रहिवासी झोन बदलून मोठं स्टोअर येतंय म्हटलं की लोक आधी वकील शोधतात. मी म्हणतो आधी हरकत. १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली झोन बदलताना नोटीस निघते, हरकतीला महिनाभर मिळतो, साध्या कागदावर सर्व्हे नंबर टाकून रस्ता किती रुंद, ट्रक कुठे लागणार, पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी कुठून जाणार ते लिहायचं आणि झेरॉक्सवर आवकचा शिक्का मारून घ्यायचाच. २०२१ च्या पुरानंतर पाण्याचा मुद्दा कोण उडवणार? उडवतात म्हणा.

कोर्टाचा स्टे मिळाला तर काम थांबतं, हे खरं. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आलंय, मुंबईची खेप वाचली, पण फी आणि तारखा आहेतच, शिवाय समोरचा वकील विचारणार, नोटीस निघाली तेव्हा कुठे होतात?