कॉलेज रोडवरचं मेक्सिकन पितरांचं जेवण: पाव पास, मांडणी नापास

पंचवटीत मी श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. कॉलेज रोडच्या एका कॅफेत 1 नोव्हेंबरला ‘डे ऑफ द डेड’चं, म्हणजे मेक्सिकोतल्या पितरांच्या सणाचं, जेवण आहे असं कळलं, तेव्हा सूनबाई म्हणाली, “आई, हे तुमच्याच खात्यातलं. चला.” माणशी साडेआठशे. कॅफेचं नाव लिहीत नाही, कारण चुका काढणार आहे आणि पोरं नवीन आहेत.

आधी चांगलं. ‘पान दे मुएर्तो’ म्हणजे या दिवसांतला तिकडचा गोड पाव. गोल, वर पिठाच्याच हाडांसारख्या पट्ट्या, मधोमध कवटीची गोळी, साखर भुरभुरलेली, संत्र्याच्या सालीचा वास. अंडं न घालताही इतका हलका कसा जमला कोण जाणे. सोबत दालचिनीचं गरम चॉकलेट. राजगिऱ्याची वडीही होती. ती बघून शेजारच्या टेबलावरचे काका हसले, “हे तर आपलं उपासाचं!” राजगिरा मूळचा तिकडचाच, काका. झेंडू आणि मिरचीसुद्धा.

मोले मात्र फसलं. वाळक्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले आणि बेताचं चॉकलेट असा तो रस्सा. आपल्या काळ्या रश्शासारखंच त्याचं सगळं भाजण्यावर असतं. इथे मिरच्या कच्च्या आणि चॉकलेट पुढे पुढे. टर्कीऐवजी पनीर होतं, त्याला माझी हरकत नाही. तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे सालीत गुंडाळून वाफवलेले उंडे, तर सालीतून काढले की भुगा. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग वाटतात, म्हणून ते पीठ धरून राहतं. यांनी पुड्यातलं साधं मक्याचं पीठ भिजवलेलं दिसलं.

पण माझं खरं भांडण मांडणीशी आहे. धाकट्या दिरांचा मुलगा मेक्सिकोत ग्वादालाहाराला नोकरीला आहे, त्याने घरमालकिणीकडची ‘ओफ्रेंदा’, म्हणजे पितरांसाठीची मांडणी, मला व्हिडिओ कॉलवर दाखवली होती. टेबलावर गेलेल्या नवऱ्याचा फोटो, त्याच्या आवडीची बिअर, पाव, मेणबत्त्या, चिमूटभर मीठ आणि पाण्याचा पेला. लांबून येणारा जीव तहानलेला असतो म्हणून पाणी. झेंडूच्या वासावर त्याला वाट सापडते. पहिला दिवस लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. आमच्या कामात झेंडू चालत नाही, पांढरी फुलं आणि माका लागतो, पण बाकी सगळं मला न सांगता समजलं.

कॅफेत काय होतं? झेंडू भरपूर, बहुतेक दिवाळीतून उरलेला. कातरलेल्या रंगीत कागदांच्या पताका छान. थर्माकोलच्या कवट्या, आणि डोळे कोरलेला भोपळा! भोपळा हॅलोवीनचा, त्याचा इथे काय संबंध? फोटो एकच, मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचा. बाई 1954 साली गेल्या, म्हणजे नियमात बसतात, पण या घरात त्यांचं कोण आहे? पाणी नाही, मीठ नाही, वाढलेलं पान नाही. आमच्याकडे पितरांचं पान वाढल्याशिवाय घरच्यांना घास मिळत नाही. इथे पाव काउंटरवर विकायला आणि ओफ्रेंदेसमोर सेल्फीची रांग. मी वेटरकडून पेला मागून ठेवला, तर मॅनेजर धावत आला, “काकू, खाली लाइटच्या माळा आहेत.” पेला उचलला.

तोंडं रंगवून देणारी मुलगीही होती, तिच्याकडे गर्दी. रंगलेल्या कवट्यांची मेक्सिको सिटीतली ती मोठी मिरवणूक 2016 पासूनची, बॉन्डच्या सिनेमात तशी दाखवली म्हणून सुरू झालेली. युनेस्कोने 2008 साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली ती पितरांना घरी बोलावण्याची जुनी रीत. कॅफेने मिरवणूक आणली, घर आणलं नाही. माइकवरचा मुलगा तर ‘मेक्सिकन हॅलोवीन’ म्हणत होता.

मालकांना एवढंच सांगणं: पुढच्या वर्षी भोपळा काढा, एक टेबल रिकामं ठेवा, येणाऱ्यांना आपापल्या माणसाचा फोटो आणायला सांगा. माळा भिंतीवर लावा म्हणजे पाणी ठेवता येईल. आणि मिरच्या भाजा.

जेवणाला पाचापैकी अडीच, पावाला पाच. पाव घरी न्यायचा तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि सहाच्या खाली देत नाहीत. गाडी लांब लावावी लागते, रिक्षाने जा.