ॲक्टर व्हायला मुंबईत आलो आणि ५६,५०० रुपये घालवून बसलो, नवीन येणाऱ्यांनी प्लीज वाचा

मी विट्याजवळच्या एका गावातला. वडील यंत्रमागावर कामाला. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर इथेच केलं, हे शाळेपासून ऐकत आलेलो, त्यामुळे नाटकाचं वेड घरात कुणाला खटकलं नाही. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका केल्या, एकदा बक्षीस पण मिळालं, आणि २०१९ च्या जानेवारीत बॅग भरून गोरेगावला आलो. एका रूममध्ये आम्ही पाच पोरं.

सकाळी उठलं की आरामनगर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वर्सोव्यात ही वस्ती आहे, तिथे कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आणि ऑडिशनच्या रूम आहेत, बाहेर पोरापोरींची लाईन असते, दारातला मुलगा एक नजर टाकतो आणि ‘नॉट फिट’ म्हणतो, की तुम्ही पुढच्या दाराला. तीन महिने मी जवळपास रोज हे दोन शब्द ऐकले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पहिल्या आठवड्यात मला कुणी फसवू शकलं नसतं, फसवणारे बरोबर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातलं पोरगं शोधतात, जेव्हा घरून फोन आला की काय सांगायचं हेच सुचत नसतं.

एप्रिलमध्ये फेसबुकवर जाहिरात दिसली, मराठी सिरियलसाठी नवीन चेहरे पाहिजेत म्हणून. अंधेरीत ऑफिस, काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर मोठमोठ्या कलाकारांसोबत त्या माणसाचे फोटो (असे फोटो कुठल्याही इव्हेंटला जाऊन काढता येतात हे तेव्हा डोक्यात आलं नाही). मी एकांकिकेतलं स्वगत म्हटलं, दोन मिनिटं पण झाली नसतील, तो उठला आणि हात मिळवून म्हणाला, सिलेक्ट. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलाच नव्हता हे मला कितीतरी दिवसांनी आठवलं.

मग २,५०० रजिस्ट्रेशन. मग पोर्टफोलिओचे १८,०००, त्यांच्याच ठरलेल्या फोटोग्राफरकडे. मग २१,००० चं आर्टिस्ट कार्ड, ‘याच्याशिवाय सेटच्या गेटवरून आत सोडत नाहीत’. शेवटी १५,००० कॉस्च्युम डिपॉझिट, शूटिंग संपलं की परत मिळणार. एकदम ५६,५०० मागितले असते तर मी उठून गेलो असतो ना, पण प्रत्येक वेळी वाटायचं की आता फक्त हा एकच हप्ता राहिलाय, आणि इथे थांबलो तर आधीचे पण बुडतील.

आणि सगळ्यात जास्त राग मला कशाचा येतो तर तो नवाजुद्दीनचं नाव घ्यायचा. १५,००० साठी मी कां कू करायला लागलो तेव्हा म्हणाला, अरे नवाजनं बारा-बारा वर्षं धक्के खाल्ले आणि तू पंधरा हजाराला घाबरतोस? मी गप्प झालो. आईला फोन केला, तिनं पतसंस्थेतली पिग्मी मोडली. आता शांत डोक्यानं बघितलं की कळतं, नवाजची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे, बुढानासारख्या गावातला मुलगा, केमिस्ट्री शिकला, बडोद्यात केमिस्टची नोकरी केली, दिल्लीत वॉचमनगिरी केली, एनएसडीतून (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) १९९६ ला बाहेर पडला, १९९९ ला सरफरोशमध्ये, २००३ ला मुन्नाभाईमध्ये एवढुसे रोल, आणि २०१२ ला ‘गँग्स ऑफ वासेपूर’. यात कुठे पैसे भरून रोल मिळाला? त्यानं दिलेली किंमत वेगळीच होती. त्या माणसानं एका कलाकाराच्या उपासमारीची गोष्ट घेतली आणि तिची पावती माझ्या नावावर फाडली.

हे उघडं पडलं ते गोरेगावच्या चित्रनगरीत. त्यांनी मला खरंच एका शूटिंगला पाठवलं, लग्नाच्या सीनमध्ये मागे गर्दीत उभं राहायला. जेवणाच्या सुट्टीत एक वयस्कर ज्युनियर आर्टिस्ट काका शेजारी बसले होते, त्यांना मी कौतुकानं कार्ड दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, बाळा, कितीला दिलं? आकडा सांगितला तर त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, हे कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे छापून मिळतं. ज्युनियर आर्टिस्टची स्वतःची असोसिएशन आहे, ॲक्टर लोकांची सिंटा नावाची संघटना आहे, तिचं ऑफिस अंधेरीतच आहे, मेंबरशिप घ्यायची तर तिथे स्वतः जायचं आणि तिथेच फी भरून पावती घ्यायची, मध्ये कुणी लागत नाही. मला त्या दिवशी पुढचा घास गेला नाही.

पैसे परत मागायला गेलो तर त्यानं ॲग्रीमेंट काढलं. स्टॅम्प पेपरवर मीच सही केलेली. बारीक अक्षरात लिहिलेलं, फी नॉन रिफंडेबल, कामाची गॅरंटी नाही. पोलीस स्टेशनला गेलो तर साहेबांनी तेच बोट ठेवून दाखवलं, तुला फोटो काढून दिलेत, एकदा कामाला पण पाठवलंय, मग फसवणूक कशी म्हणणार. म्हणजे ते भंगार फोटो आणि ते गर्दीतलं एक दिवसाचं काम कशासाठी होतं हे मला तिथे बाकड्यावर बसून कळलं. नुसता तक्रार अर्ज घेतला, पुढे काही झालं नाही. महिन्याभरात ऑफिसला कुलूप, बोर्ड पण गेला.

नंतर मला खरं काम मिळालं तेव्हा फरक दिसला. एका मराठी सिरियलमध्ये एक दिवसाचा रोल, तीन वाक्यं. ऑडिशन द्यायला एक रुपया लागला नाही. फोटो मोबाईलवर काढलेले पाठवले, साधा शर्ट, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, त्यांना तेच पाहिजे असतात, १८,००० वाल्या गॉगल आणि लेदर जॅकेटकडे कुणी बघितलं पण नाही. ऑडिशननंतर तीन आठवडे काही उत्तर नव्हतं. पैसे ९० दिवसांनी आले आणि कोऑर्डिनेटरनं (काम मिळवून देणारा माणूस) त्याचं कमिशन त्यातून कापलं, माझ्या खिशातून आधी काही मागितलं नाही. कमिशन असंच असतं, आधी काम, मग पेमेंट, मग कमिशन. ज्यानं हा क्रम उलटा केला त्याला नमस्कार करून बाहेर पडा. ऑनलाईन पैसे पाठवून बसला असाल तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, दोन-तीन दिवस लाजेनं कुणाला सांगत नाही आपण, आणि तेवढ्यात पैसे दुसरीकडे गेलेले असतात.

परवा नांदेडच्या एका मुलानं मेसेज केला, दादा हे ॲग्रीमेंट बघा ना, बरोबर आहे का. नाव वेगळं, पत्ता वेगळा, पण खालचा बारीक अक्षरातला मजकूर शब्दन् शब्द माझ्या कागदावरचाच. त्याचे २,५०० गेलेत, पोर्टफोलिओचे अजून दिलेले नाहीत. माझा कागद मी जपून ठेवलाय, सोमवारी दोन्ही घेऊन त्याच्यासोबत पोलीस स्टेशनला जातोय. तुमच्याकडे पण असा कागद असेल तर मला पाठवा, त्या आधी पाठवलेत तर सोबत नेतो.